भेट क्षणाची, अट आयुष्याची

शिकारीला निघालेला राजा रानात बायकांचा आक्रोश ऐकतो. जवळ जाऊन बघतो तर एक ऋषी यज्ञाला बसलाय आणि ज्वाळांतून तीन स्त्रिया मदतीसाठी आकांत करताहेत. राजा क्षत्रियधर्माला जागून त्यांना सोडवतो. त्या असतात तीन शक्ती, ऋषी असतो विश्वामित्र आणि या परोपकाराची किंमत असते अख्खं राज्य. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. आपल्या कथापटांचा श्रीगणेशाच असा एका अवचित भेटीनं झाला.

अद्भुत चित्रपटांत अशा भेटी पावलोपावली होतात. देव, भूत, यक्षीण, देवदूत, परग्रहावरचा पाहुणा, कुणीतरी वाटेत भेटतं आणि नायकाचं आयुष्य उलटंपालटं होतं. पण भेट तर रोज कुणाची ना कुणाची होतच असते. मग एखादीच दैवाची का ठरते? याचं उत्तर मराठी घरांत श्रावणात वाचल्या जाणाऱ्या कहाण्यांत आहे. आदित्य राणूबाईच्या कहाणीतला गरीब ब्राह्मण रानात जातो, तिथं नागकन्या-देवकन्या वसा वसत असतात. तो वसा मागतो. त्या लगेच देत नाहीत. तू उतशील, मातशील, अशी शंका काढतात. तो शब्द देतो, तेव्हाच वसा मिळतो. दैव पालटतं ते त्या शब्दापासून. पुढची सगळी कहाणी घेतला वसा कुणी पाळला आणि कुणी टाकला, याचीच असते.

अट मोडली की गोष्ट सुरू

हे सूत्र हातात धरून सिनेमे बघितले, तर देशोदेशींच्या पटकथा एकाच घरातल्या वाटतात. फ्रँक काप्राच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मध्ये (१९४६) जीव द्यायला निघालेल्या जॉर्जला क्लॅरन्स नावाचा देवदूत भेटतो. इथं अट देवदूतावरच आहे: या माणसाला वाचवलंस तरच तुला पंख मिळतील. हायाओ मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’मध्ये (२००१) चिहिरो या मुलीला परत जाताना बजावलं जातं, बोगद्याबाहेर पडेपर्यंत मागं वळून बघायचं नाही.

आपल्याकडे महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’त (१९९३) तात्या विंचूला बाबा चमत्कारकडून मृत्युंजय मंत्र मिळतो आणि मरता मरता त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. बाहुल्यातून सुटायचं, तर ज्याला पहिल्यांदा गुपित सांगितलं त्याच्याच शरीरात जायचं. तो निघतो लक्ष्या! या सिनेमामागं ‘चाइल्ड्स प्ले’ हा अमेरिकी भयपट आहे हे खरं, पण रामदास पाध्येंनी घडवलेला तो बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्डेंची ती तारांबळ यांच्यामुळं तो अस्सल मराठी होऊन गेला. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) हस्तरला कणकेची बाहुली द्यायची, तो ती खात असताना मोहरा लुटायच्या आणि पळायचं, असा हिशेब. एकीनं भागेना म्हणून पुष्कळ बाहुल्या नेल्या जातात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर समोर उभे राहतात. हाव ही शिकवण म्हणून सांगितली असती तर प्रेक्षकानं जांभई दिली असती. अटीच्या रूपात आली म्हणून ती अंगावर येते.

काशी दानात गेली नाही

हरिश्चंद्राकडे पुन्हा जाऊ. सगळी पृथ्वी दान दिल्यावर दक्षिणेसाठी धन कुठं मिळवायचं? उभं राहायला तरी जागा कुठली? पुराणानं वाट काढली ती काशीची. काशी शंकराची, ती राजाची नव्हतीच, तर दानात जाईल कशी? म्हणून राणी आणि मुलगा विकले जातात ते काशीत, आणि राजा डोंबाघरी स्मशान राखतो तेही काशीतच. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांनी हीच कथा उभी केली. जिथं जगाचे हिशेब संपतात तिथं काशी सुरू होते, ही कल्पना अजून शिळी झालेली नाही. नाग अश्विन यांच्या ‘कल्की २८९८ एडी’त (२०२४) उजाड पृथ्वीवर उरलेलं शेवटचं शहर काशीच आहे. तिथं बक्षिसासाठी माणसं पकडणाऱ्या भैरवाची गाठ शापानं अमर झालेल्या अश्वत्थाम्याशी पडते. कल्कीच्या मातेचं रक्षण हा अश्वत्थाम्याचा उःशाप. शाप आणि उःशाप, म्हणजे पुन्हा अटच.

फाळक्यांचं स्वतःचं आयुष्यही एका भेटीनंच वळलं. १९१०-११च्या सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर आपले राम-कृष्ण त्यांना दिसू लागले. तो अनुभव त्यांनी पुढं ‘नवयुग’ मासिकात लिहिला. त्या भेटीची किंमतही जबर होती. विम्याची पॉलिसी गहाण पडली, रात्रंदिवस चित्रपट पाहून डोळे अधू झाले, १९१२मध्ये लंडनची वारी झाली. जादूचे प्रयोग ते आधीपासूनच करत. स्वतःचं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवून घेत. ती हातचलाखी कॅमेऱ्यात उतरली. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, फक्त हँडल थांबवायचं, नटाला चौकटीत आणून उभं करायचं आणि पुन्हा फिरवायचं. झाला देव प्रकट! सावकाश प्रकट करायचा असेल, तर तीच फिल्म मागं गुंडाळून तिच्यावर दुसरी प्रतिमा उमटवायची.

हाच वसा फाळक्यांनी एकदा टाकलाही. हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतल्या भागीदारांशी बिनसलं, तेव्हा ते सिनेमा सोडून सहकुटुंब काशीला गेले. तिथं त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं. १९२२मध्ये ते पुन्हा नाशिकला, कंपनीत परतले.

बालाजीच्या देवळात

त्याच काशीत, पंचगंगा घाटाच्या शेजारी बालाजी घाट आहे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी तो बांधवला असं सांगतात. आसपासच्या ब्रह्मा घाट, दुर्गा घाटाच्या गल्ल्यांत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. घाटावरच्या बालाजीच्या देवळात अली बक्ष ‘विलायतू’ यांनी आपल्या भाच्याला रियाजाला बसवलं. अली बक्ष हे काशी विश्वनाथाच्या मंदिरात सनई वाजवणारे. त्यांनी भाच्याला बजावलं, इथं काही दिसलं तर कुणापाशी बोलायचं नाही.

तो भाचा म्हणजे उस्ताद बिस्मिल्ला खाँ. पुढचा प्रसंग त्यांनी म्हातारपणीही अनेकांना सांगितला; तपशील थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच. रात्रीची वेळ, दार आतून लावलेलं, डोळे मिटून सनई चाललेली. आधी सुगंध आला. गंगेवरून येत असेल, असं वाटलं. तो वाढतच गेला म्हणून डोळे उघडले, तर समोर साक्षात बालाजी. वाजव बेटा, असं त्यांनी सांगितलं. पोराला दरदरून घाम फुटला, सूर थांबले. मूर्ती हसली आणि दिसेनाशी झाली. कंदील घेऊन गल्ली धुंडाळली, कुणीच नव्हतं. मामूंना सांगितलं तर थोबाडीत बसली: बोलायचं नाही म्हटलं होतं ना?

साक्षात्कार की भास, हे ज्याचं त्यानं ठरवावं. गोष्ट म्हणून पाहिली तर तिच्यात बंद दार आहे, आगंतुक आहे आणि अटही आहे. पडद्याला वास दाखवता येत नाही, म्हणून सिनेमात त्या सुगंधाच्या जागी वारा सुटतो, दिवा फडफडतो, पार्श्वसंगीत एकदम बंद पडतं. पण सिनेमाची खरी अडचण पुढं आहे. भेटीनंतरची वर्षं त्याला एका गाण्यात उरकावी लागतात. ‘गूँज उठी शहनाई’त (१९५९) वसंत देसाईंच्या संगीतात खाँसाहेबांची सनई घुमली, तरी ते सिनेसृष्टीत रमले नाहीत. काशी सोडून परदेशी राहण्याचा विषय निघाला की तिकडे गंगा कुठून आणणार, असं विचारत. २००१मध्ये भारतरत्न मिळालं, तेव्हाही पत्ता काशीचाच होता.

त्या मुलाला त्या देवळात दोन आज्ञा मिळाल्या होत्या. मामूंनी सांगितलं होतं, बोलू नकोस. बालाजीनं सांगितलं, वाजव. पहिली त्यानं लगेच मोडली, म्हणून तर ही गोष्ट आपल्यापर्यंत आली. दुसरी त्यानं २००६मध्ये डोळे मिटेपर्यंत पाळली.