गाडीचं ऑइल नक्की कुठे जातं?

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये, सेक्शन १७ च्या बाजूला एका गॅरेजबाहेर मी टॅपेट सेट करून घ्यायला बसलो होतो. शेजारी एका दीडशे सीसीच्या गाडीचं हेड उघडून ठेवलेलं. कॅमशाफ्टच्या उंचवट्यावर आरशासारखी चमक हवी, तिथे नखाला लागतील अशा रेघा पडल्या होत्या आणि कड निळसर झाली होती. गाडीवाला पोरगा वीस-बावीसचा, सुट्टी मिळाली की मित्रांबरोबर माळशेजला जाणारा. तो सांगत होता, "काका, वळणावर गाडी झोपवली की ऑइल सगळं एका साइडला जातं. खालून ॲल्युमिनियमचा डबा वेल्ड करून द्या, संप मोठा करून टाकू." काका काही बोलले नाहीत. ट्रेमध्ये काढलेलं ऑइल त्यांनी मापाच्या मगमध्ये ओतलं. काळंकुट्ट आणि पातळ, चारशे मिलीच्या रेषेला जेमतेम टेकलं. त्या इंजिनात लिटरभराहून जास्त ऑइल असायला हवं.

"बाळा, आहे तेच भांडं अर्ध्याच्या वर रिकामं आहे. मोठं करून काय भरशील?"

त्या पोराचा गैरसमज त्याच्या एकट्याचा नाही. कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या गॅरेजांत मी तो कितीदा तरी ऐकला आहे, आणि त्यापायी चांगली इंजिनं कापली जातात याचं मला वाईट वाटतं. म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो.

इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तो संप. तिथून ते जाळीतून पंपात जातं, पंप ते क्रँककडे आणि वर हेडकडे ढकलतो, आणि काम झालं की ते आपल्या वजनाने पुन्हा खाली येतं. ऑइल स्टार्व्हेशन म्हणतात ते एवढंच, की पंप फिरतोय पण त्याच्या तोंडाशी ऑइल नाही, त्यामुळे तो हवा ओढतो. या वाटेवर कॅमशाफ्ट शेवटच्या टोकाला बसतो. त्यामुळे उपासमार झाली की सहसा आधी तोच बोलतो. हेडमधून टिकटिक सुरू होते, आपण टॅपेट सेट करून आणतो, आठवड्याने आवाज परत येतो.

आता वळणाचं. लहानपणी पाण्याची बादली हातात धरून गरागरा फिरवली नसेल असं कोणी नसेल. बादली आडवी होते, तरी पाणी सांडत नाही. ते बुडाशीच दाबलेलं राहतं. वळणावर झुकलेल्या मोटरसायकलमध्ये हेच घडतं. आपण गाडी झुकवतो ती वजन आणि बाहेर फेकणारा जोर यांचा मेळ घालण्यासाठी. हे दोन्ही मिळून जो जोर तयार होतो तो जवळजवळ गाडीच्याच रेषेत, सीटकडून टायरकडे लागतो. ऑइललाही तोच जोर लागतो. गाडी ३० अंश झुकली तर ऑइल तळाशी नेहमीपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त जोराने दाबलं जातं. शर्यतीतली गाडी ६० अंश झुकली तर दुप्पट. म्हणजे व्यवस्थित घेतलेल्या वळणावर पंपाचं तोंड उघडं पडत नाही. माळशेजच्या वळणांवर त्या पोराचा कॅम गेला नव्हता.

उभी गाडी झुकली तर मात्र गोष्ट वेगळी. साइड स्टँडवर लावलेल्या गाडीतलं ऑइल खरोखर डावीकडे जातं, कारण तिथे फक्त वजन काम करतं. म्हणून ऑइलची पातळी साइड स्टँडवर कधी बघू नये. आणि गाडी घसरून आडवी पडली, इंजिन चालूच राहिलं, तर तेव्हा पंप हवा ओढू शकतो. अशा वेळी आधी किल्ली फिरवायची, मग गाडी उचलायची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या वाढल्या. त्यांतल्या बहुतेकींत गाडी पडली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत ते काम आपलंच.

मोटरसायकलमध्ये ऑइल खरं सरकतं ते पुढे-मागे. जोरात ब्रेक मारला आणि वेग अर्ध्या जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने उतरला, तर संपातल्या ऑइलचा पृष्ठभाग सुमारे २७ अंशांनी तिरपा होतो. त्या मानाने घाटाचा चढ किरकोळ: दहाला एक असा चढ म्हणजे सहा अंशही नाही. ब्रेकचा हा तिरपेपणा दोन-तीन सेकंदांचा असतो आणि पातळी बरोबर असेल तर जाळी बुडालेलीच राहते. व्हीलीचं तसं नाही. पुढचं चाक उचलून गाडी साठ-सत्तर अंशांत बराच वेळ ठेवली, की ऑइल मागच्या भिंतीवर चढतं आणि जाळी कोरडी पडते. त्यात इंजिन त्याच वेळी चढ्या आरपीएमला असतं. स्टंट करणारे व्यावसायिक रायडर म्हणूनच संपात फेरफार करतात, आणि तिथे ते योग्यच आहे. रस्त्यावर व्हीली मारणाऱ्याला मी इंजिनाआधी जिवाची काळजी करायला सांगेन.

संप बदलण्याची खरी गरज कुठे पडते, ते बघायचं तर इंजिनिअरिंग कॉलेजांच्या पोरांकडे जावं. फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांसाठी मुंबई-पुण्याचे विद्यार्थी छोट्या रेसिंग कार स्वतः बांधतात. त्यांत अनेकदा इंजिन असतं मोटरसायकलचंच. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएम ३९० चं इंजिन बऱ्याच संघांचं आवडतं. आता विचार करा. जे इंजिन वळणावर झुकण्यासाठी बनलं, ते चार चाकांवर बसवलं. कार झुकत नाही. वळणावर एक जी इतका जोर लागला की ऑइल ४५ अंशांनी एका बाजूला चढतं, आणि लांब वळणावर ते तिथेच राहतं. इथे त्या पोराचं म्हणणं शब्दशः खरं ठरतं, फक्त गाडी दुसरी असायला हवी. अशा स्पर्धांत तर सगळी कार टेबलावर ६० अंशांत तिरपी करून गळती तपासतात.

हे विद्यार्थी संपात काय करतात? जाळीभोवती पत्र्याचे आडोसे उभे करतात, त्यांना बॅफल म्हणतात. आडोशाला तळाशी छोटी भोकं किंवा एकाच बाजूला उघडणारी झडप असते. ऑइल आत येतं, पण सहज बाहेर पळत नाही. क्रँक आणि ऑइल यांच्यामध्ये एक पत्रा घालतात, म्हणजे फिरणारा क्रँक ऑइल घुसळत नाही. काही जण ड्राय संप करतात: ऑइलची टाकी वेगळी, एक पंप इंजिनातून ऑइल ओढून टाकीत टाकणारा, दुसरा टाकीतून इंजिनाला देणारा. यात सगळं अवलंबून असतं जाळीच्या तोंडावर. नुसता संप खोल केला आणि तोंड होतं त्याच उंचीवर राहिलं, तर खाली भरलेलं जादा ऑइल पंपाला मिळतच नाही. तोंड तळाला फार चिकटलं तर ओढ तुटते.

आणि आपल्या शंभर-दीडशे सीसीच्या गाड्यांना वेगळा संप असतोच कुठे? मोठ्या चार सिलिंडरच्या गाड्यांत तळाला बोल्टने लावलेला पॅन असतो, तो काढून काम करता येतं. आपल्या सिंगल सिलिंडरचं क्रँककेस उभं दोन भागांत असतं, आणि त्याचाच तळ म्हणजे संप. तिथे डबा वेल्ड करायचा म्हणजे बेअरिंगची घरं असलेल्या ॲल्युमिनियमला प्रचंड उष्णता द्यायची. केस वाकतं, बेअरिंगची रेघ चुकते, वेल्डच्या बारीक छिद्रांतून ऑइल पाझरत राहतं. वर तो डबा पहिल्याच उंच स्पीडब्रेकरवर घासतो.

"जरा जास्तच ऑइल टाकून ठेवा" हा दुसरा उपाय. जादा ऑइलमध्ये क्रँक बुडून फिरतो, ताक घुसळल्यासारखा फेस होतो, आणि फेस म्हणजे अर्धी हवाच. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ऑइल एअर फिल्टरमध्ये जातं ते वेगळंच. जाड ऑइलचंही तसंच. हिरोच्या शंभर सीसीला १०डब्ल्यू-३० सांगितलं असताना "गाडी गरम होते" म्हणून २०डब्ल्यू-५० टाकलं, तर सकाळच्या थंड इंजिनात ते जाळीतून ओढायलाच पंपाला जड जातं आणि हेडपर्यंत उशिरा पोहोचतं. काही गाड्यांना २०डब्ल्यू-५० च लागतं. पुस्तकात लिहिलं असेल ते टाकायचं. कारचं ऑइल मात्र नाही, कारण आपल्या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. डब्यावर जासो एमए लिहिलेलं बघून घ्यावं.

काही जण म्हणतात, कमी झालं तर दिवा लागेल. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना ऑइल प्रेशरचा दिवाच नसतो. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकला तर संपच नसतो. तिचं ऑइल वेगळ्या टाकीतून येऊन पेट्रोलबरोबर जळून जातं.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाल्यांची अडचण उलटी. तिच्यात ऑइलची टाकी क्रँककेसच्याच कास्टिंगमध्ये, पण वेगळ्या कप्प्यात असते. गाडी आठवडाभर उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून पाझरून क्रँकच्या खोलीत उतरतं. सकाळी डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस घाबरून अर्धा लिटर ओततो, गाडी सुरू झाली की परतीचा पंप ते सगळं टाकीत आणतो आणि ब्रीदर ओकायला लागतो. इंजिन काही मिनिटं चालवून, बंद करून, मग बघितलं असतं तर ऑइल होतं तिथेच होतं. साधारण २००९ नंतर आलेल्या नव्या, यूसीई नावाच्या इंजिनात हा प्रकार नाही.

पावसाळ्याचं एक आमच्या भागापुरतं. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये, जेव्हा वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेव्हा उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या कितीतरी गाड्या बुडाल्या. ब्रीदर किंवा एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं की ऑइल चहात दूध घातल्यासारखं होतं. डिपस्टिकवर पातळी भरलेली दिसते, पण त्या मिश्रणात धातूला धातूपासून दूर ठेवायची ताकद नसते. बुडालेली गाडी किक मारून बघायची नाही. आधी ऑइल काढायचं.

त्या पोराच्या गाडीवर परत येतो. काकांनी तिची जाळी बाहेर काढली. क्लचप्लेटचा काळा चुरा तर होताच, पण मधोमध शेवईसारखी एक पांढरी-राखाडी गुंडाळी अडकलेली होती. मागे कोणीतरी कव्हर बसवताना गॅस्केटवर सिलिकॉन पेस्ट भरपूर लावली होती. बोल्ट आवळल्यावर ती आतही तेवढीच दाबली जाते, सुटते आणि ओढीबरोबर थेट जाळीवर जाऊन बसते. म्हणजे ऑइल अर्ध्याहून कमी, आणि होतं तेही अडलेलं. जाळी धुवायला लागतं थोडं पेट्रोल आणि एक ब्रश. तरी क्लच कव्हर उघडावं लागतं म्हणून वर्षानुवर्षं ती कोणी बघत नाही.

संध्याकाळी मी परत गेलो तेव्हा नवीन कॅम बसला होता. गाडी मेन स्टँडवर होती. काकांनी टॅपेटचं झाकण न लावताच इंजिन सुरू केलं, आयडलला ठेवलं आणि पोराच्या हातात टॉर्च दिला. तो वाकून आत बघत राहिला. काही सेकंद रॉकर कोरडाच होता. मग कडेने ऑइल झिरपलं आणि उंचवट्यावर पातळ, पिवळा पडदा चढला.

"आलं काका," तो म्हणाला.

"आता महिन्यातून एकदा डिपस्टिक बघ. मेन स्टँडवर, पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून. या गाडीला तसंच मोजतात."