शुश्रूषा पाण्याची

एडिसनमधल्या एका ओळखीच्या घरून ते आलं तेव्हा पिशवीतल्या पाण्यात त्याच्या शुंडकांचे तुकडे तरंगत होते. बबल-टिप जातीचं समुद्रफूल. रात्री दगड सोडून फिरायला निघालं आणि टँकमध्ये लाटा करणाऱ्या पंपाच्या, वेव्हमेकरच्या पंख्यात सापडलं. घरच्या खाऱ्या टँकमध्ये समुद्रफुलांना होणाऱ्या इजांपैकी ही नेहमीचीच. उजेड किंवा प्रवाह मानवला नाही, की ते पायाच्या चकतीवर सरकत चालू लागतं. पंप त्याला कुठे कळतो?

आधी पाहायचं ते जखम कुठे आहे. शुंडकं तुटली असतील तर चिंता नाही, ती पुन्हा फुटतात. पाय फाटला असेल तर मात्र प्रकरण अवघड. या जिवाला हाड नाही, कवच नाही. पोकळीत भरलेल्या पाण्याच्या दाबावर ते उभं राहतं. याची चकती एका कडेला उसवली होती, तोंड किंचित उघडं होतं आणि सगळं अंग पिळलेल्या पंच्यासारखं पडलेलं. तरी मला आशा होती. हे जीव वाढवून विकणारे लोक धारदार पात्याने तोंडातून सरळ दोन भाग करतात आणि दोन्ही अर्धी मिटून पूर्ण समुद्रफुलं होतात. निसर्गातही ही जात अशीच दुभंगून वाढते. म्हणजे कापल्याने ते सहसा मरत नाही. पण पंखा पात्यासारखं कापत नाही, चिंध्या करतो. चिंध्या सडतात आणि त्यातून पुढचं सगळं बिघडतं.

म्हणून उपचार करायचा तो पाण्यावर. पिशवीतल्या पाण्यात बारीक नळीने माझ्या टँकचं पाणी थेंब थेंब सोडलं, कारण खारटपणा एकदम बदलला तर धडधाकट समुद्रफूलही आकसतं. माझ्याकडे घनता १.०२६ आणि तापमान २५-२६ अंश असतं. मग त्याला जाळीच्या टोपलीत, खडबडीत दगडाच्या तुकड्यांवर ठेवलं आणि वर झाकण लावलं. प्रवाह मंद, दिवा कमी. झाकण माझ्या टँकमधल्या क्लाउनफिश माशांना दूर ठेवायला. त्यांचं प्रेम अंगावर घासण्याचं, आणि जखमी जिवाला तेवढंही सोसत नाही. फिल्टरमध्ये ताजा कार्बन घातला. सुटलेल्या चिंध्या मोठ्या ड्रॉपरने रोज ओढून काढायच्या. माशांसाठी मिळणारं तांब्याचं औषध चुकूनही नाही. तांबं अशा जिवांना विषच. संसर्ग झाला तर काही जण वेगळ्या भांड्यात अँटिबायोटिक देतात, पण नुसत्या जखमेवर ते मला पटत नाही.

रत्नागिरीहून आईचा रोज एकच प्रश्न, "काही खाल्लं का त्यानं?" आजाऱ्याच्या पोटात चार घास जावेत, हा आपला पिढीजात हट्ट. इथे तो घातक ठरतो. तोंड सैल असताना कोळंबी दिली तर ती पचत नाही, कुजून परत बाहेर येते आणि पाणी नासवते. शिवाय ते उपाशी नसतंच. त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं उजेडावर अन्न तयार करून त्याला पोसतात. रंग तपकिरी आहे तोवर स्वयंपाकघर चालू आहे असं समजायचं. पांढरं पडलं तर शैवाल गेलं, मग खरी काळजी.

सर्वांत कठीण काम, त्याला हात न लावणं. दिवसातून एखाद्या वेळी ते आतलं जुनं पाणी सोडून देतं, आक्रसून एवढंसं होतं आणि बघणाऱ्याला वाटतं, संपलं. तासाभराने पुन्हा फुगतं. फुगलं नाही तर वासावर जायचं. मेलेल्या समुद्रफुलाची दुर्गंधी ओळखायला शिकावी लागत नाही, आणि ते लगेच काढलं नाही तर अमोनियाने अख्खा टँक धोक्यात येतो. चिवटपणा मात्र या कुळातच आहे. निसर्ग-अभ्यासक जॉन डॅलियेल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेलं, पुढे 'ग्रॅनी' म्हणून गाजलेलं दुसऱ्या जातीचं एक समुद्रफूल १८८७पर्यंत काचेच्या भांड्यात जगलं. डॅलियेल त्याआधीच, १८५१मध्ये गेले होते.

माझ्याकडच्या समुद्रफुलाचं तोंड आधी मिटलं. मग एके सकाळी टोपली हलवली, तर खालचा दगड त्याच्यासोबत हलला. पायाने पकड घेतली होती. शुंडकं ड्रॉपरला चिकटू लागली तेव्हा मिरीएवढा कच्च्या कोळंबीचा तुकडा दिला. तो आत गेला आणि आतच राहिला. आईला तसं कळवलं. उसवलेल्या कडेला आता फिकट वळ तेवढा उरलाय.

मूळ मालकांचा फोन आला, कधी न्यायला येऊ? म्हटलं, आधी पंपाला स्पंजचं आवरण बसवा, त्याचा फोटो पाठवा, मग या.