संगणकाच्या पोटातले पाणी

यंत्र पाण्याने गार ठेवतात, हे कोल्हापूरकराला कुणी शिकवायला नको. शिवाजी उद्यमनगरात तयार झालेली ऑईल इंजिने उसाच्या मळ्यांत वर्षानुवर्षे धडधडत आली. इंजिनाभोवतीचे पाणी आटले की पिस्टन जाम होतो, हे मळ्यावरच्या पोरालाही ठाऊक असते. पण तेच तत्त्व घरच्या संगणकात आले आहे म्हटले, की भल्याभल्यांच्या भुवया उंचावतात. विजेच्या यंत्रात पाणी?

आमच्या पुतण्याने ॲनिमेशनच्या कामासाठी असा संगणक जुळवला आणि त्यात कोणते पाणी घालायचे यावर घरात आठवडाभर खल झाला. त्यातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, मुलांचा अभ्यास यासाठीचा संगणक पंख्यावर सुखाने चालतो. त्याला या भानगडीत पाडू नये. पण चित्रफितींचे जड काम करणाऱ्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून चारपाचशे वॅट उष्णता सहज टाकतात. आंघोळीच्या बादलीत सोडायच्या हजार वॅटच्या हीटरची ही जवळजवळ निम्मी उष्णता, आणि तीही एका बंद पेटीत! तापमान तेवढेच वाढू दिले, तर ठराविक आकारमानाचे पाणी तेवढ्याच हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. म्हणून तांब्याच्या ठोकळ्यातून पाणी फिरवायचे, छोट्या पंपाने ते रेडिएटरमध्ये न्यायचे आणि तिथे पंख्याने उष्णता बाहेर टाकायची. पुण्याच्या ‘आयसर’मध्ये २०१९ साली उभारलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकातही द्रवाने गार ठेवण्याचीच योजना आहे. मात्र हे पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. एप्रिलच्या दुपारी खोलीत ३५ अंश असतील, तर पाणी त्याहून गरमच राहणार.

आता मुख्य प्रश्न: पाणी कोणते? नळाचे तर नाहीच. चहाच्या भांड्याला आतून जो पांढरा थर धरतो, तोच इथल्या केसाएवढ्या बारीक खाचांत साचतो आणि वाट बुजवतो. फिल्टरच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. पाया हवा तो डिस्टिल्ड वॉटरचा. ‘शुद्ध पाण्यातून वीज वाहत नाही, मग गळले तरी काय बिघडते?’ असे काहीजण सांगतात. हे अर्धसत्य आहे. धातूंच्या संगतीत काही दिवस फिरले, की त्या पाण्यात आयन उतरतात आणि वीज वाहू लागते.

शिवाय नुसते पाणी पुरत नाही. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले, की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. म्हणून स्वतः जुळवणी करताना हे दोन धातू एकत्र आणूच नयेत. दुसरा शत्रू शेवाळ. कोमट पाणी आणि पारदर्शक नळ्यांवर पडणारा उजेड, त्याला आणखी काय हवे? म्हणून गंज आणि शेवाळ दोन्ही रोखणारे, संगणकासाठीच बनवलेले तयार कूलंट घेणे उत्तम. रंग हवाच असेल, तर पारदर्शक घ्यावा. दुधाळ रंगातले कण कालांतराने खाली बसतात आणि खाचा तुंबवतात.

“काका, गाडीतलं कूलंट घातलं तर चालंल की?” पुतण्याने विचारलेच. संगणकाच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. गाडीचे कूलंट पाणी गोठू नये म्हणूनही असते, आणि कोल्हापुरात पाणी गोठण्याची भीती नाही. ते दाट असते आणि उष्णताही कमी वाहते. पण खरे उत्तर घराच्या दृष्टीने द्यायला हवे. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. चवीला गोड, रंगाने सरबतासारखे, आणि मूत्रपिंडांना घातक. त्याचेच भावंड असलेले डायइथिलीन ग्लायकॉल ग्लिसरीनमध्ये आल्यामुळे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले होते. लहान मूल किंवा मांजर असलेल्या घरात ही जोखीम कशाला? संगणकाच्या काही कूलंटमध्ये त्यामानाने सौम्य असे प्रॉपिलीन ग्लायकॉल असते. तरीही कोणतेही कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नये. मूळ डब्यातच, नावासकट, उंचावर आणि कुलपात ठेवावे.

निगा फार नाही, पण नियमित हवी. जुळवणी झाल्यावर बाकी संगणकाला वीज न देता केवळ पंप दिवसभर चालवावा आणि प्रत्येक सांध्याखाली कागद ठेवून गळती पाहावी. महिन्यातून एकदा टाकीतली पातळी आणि रंग बघावा. नळ्यांतून थोडे पाणी उडून जातेच, तेवढी भर घालावी. गढूळपणा, तरंगते कण किंवा तेच काम करताना वाढलेले तापमान दिसले, तर सारे पाणी काढून डिस्टिल्ड वॉटरने धुवावे. एरवी वर्षाकाठी एकदा पाणी बदलावे. दोन जातींची कूलंटे एकमेकांत मिसळू नयेत. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी कारखान्यातच भरून सीलबंद केलेला संच घ्यावा. त्यात पाणी भरण्याची यातायात नसते, मात्र काही वर्षांनी संचच बदलावा लागतो.

राहिले काढलेले जुने पाणी. ते मोरीत ओतण्याचा मोह होतो. लिटरभर तर असते! पण त्यात धातूंचे अंश आणि शेवाळ मारणारे औषध असते. शहरातला जयंती नाला पंचगंगेला मिळतो आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला. तिथे काठावर आपलीच माणसे पाणी भरतात. म्हणून ते बंद डब्यात भरून, चिठ्ठी लावून, घातक कचरा म्हणून वेगळे द्यावे. संगणक गार राहावा यासाठी नदीला ताप कशाला?