घळ शेतात येण्याआधी

कोकणात समुद्रकाठी मर्यादवेल वाळूच्या टेकड्या धरून ठेवते. ती तुडवली की वाळू वाऱ्याबरोबर चालू लागते. आपल्या फैजपूरकडे समुद्र नाही, पण तापीकाठच्या घळी पाहा. गाळाची जमीन खोल. शेतातले पाणी काठावरून खाली कोसळते, पायथा पोखरला जातो, वरची दरड ढासळते. घळ अशी नदीकडून शेताकडे सरकते! नुसती माती लोटून ती बुजत नाही, पहिल्याच मोठ्या पावसात सारी वाहून जाते. घळीच्या वरच्या अंगाला बांध घालून पाणी गवताळ उतारावर वळवा. काठापर्यंत नांगरू नका. तिथे मारवेल, वाळा, घायपात लावा. गुरे सोडू नका, गवत कापून घरी आणा. शेजाऱ्याचे पाणी तुमच्याच घळीत उतरत असेल, तर बांधाचे काम दोघांनी मिळून मृगाआधी उरका.