‘आम्ही’कडून ‘मी’कडे : क्षमताधारित मुलाखतीची तयारी

मुलाखतीचे बोलावणे आले, की घरात आनंद आणि धास्ती एकाच वेळी प्रवेश करतात. ठेवणीतले कपडे इस्त्रीला जातात, प्रमाणपत्रांची फाईल लावली जाते आणि उमेदवार रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, रेपो दर, अर्थसंकल्पातील तरतुदी यांची उजळणी करू लागतो. ही तयारी आवश्यकच आहे. परंतु मुलाखत मंडळाचे अध्यक्ष शांतपणे विचारतात, “मतभेद असतानाही आपण एखादे काम पूर्णत्वास नेले, असा एक प्रसंग सांगा,” आणि उमेदवार गोंधळतो. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात छापलेले नसते. ते त्याच्या स्वतःच्याच आयुष्यात असते. मात्र त्या दृष्टीने त्याने आपल्या आयुष्याकडे कधी पाहिलेले नसते.

अशा प्रश्नांवर आधारलेल्या मुलाखतीला क्षमताधारित मुलाखत, अर्थात ‘कॉम्पिटन्सी बेस्ड इंटरव्ह्यू’ म्हणतात. ‘तुम्ही काय कराल?’ यापेक्षा ‘तुम्ही काय केले?’ हे जाणून घेणे, हा तिचा गाभा होय.

पद्धतीचा उगम

या पद्धतीची मुळे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडतात. अमेरिकी हवाई दलासाठी वैमानिकांची निवड व प्रशिक्षण यांवर काम करताना मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी एखाद्याविषयीच्या सर्वसाधारण मतांऐवजी प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांच्या नोंदी गोळा करण्यावर भर दिला. १९५४ साली त्यांनी या तंत्राची सविस्तर मांडणी केली. पुढे १९७३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील डेव्हिड मॅक्‌लेलँड यांनी एका गाजलेल्या लेखात बुद्धिमापन चाचण्यांऐवजी कामासाठी प्रत्यक्ष लागणाऱ्या क्षमता तपासाव्यात, असे प्रतिपादन केले. परीक्षेतील गुण आणि कामातील यश यांचा संबंध आपण मानतो तितका घट्ट नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

नंतरच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. सर्व उमेदवारांना कामाशी निगडित असे समान प्रश्न विचारून ठरावीक निकषांवर गुण दिले, तर ती मुलाखत मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा भावी कामगिरीचा अधिक चांगला अंदाज देते. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली निवडीच्या विविध साधनांचा फेरआढावा घेतला, तेव्हा अशी सुसूत्र मुलाखत सर्वांत वरच्या स्थानी आली.

भारतातही निवडीचे चित्र पालटले आहे. केंद्र सरकारच्या गट ‘क’, गट ‘ड’ आणि गट ‘ब’मधील अराजपत्रित पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘मिशन कर्मयोगी’ कार्यक्रमाने भूमिका आणि तिला लागणाऱ्या क्षमता यांना मध्यवर्ती स्थान दिले. जेथे मुलाखत कायम आहे, तेथे तिचे मोल मोठे आहे. आयबीपीएसमार्फत होणाऱ्या परिविक्षाधीन अधिकाऱ्यांच्या निवडीत मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांना ८० व २० असा भार दिला जातो. परीक्षेत अगदी थोड्या फरकाने पुढे-मागे असलेल्या उमेदवारांमध्ये हे २० गुण निर्णायक ठरू शकतात. बँकेतील पदोन्नतीच्या मुलाखतीसही हेच लागू पडते.

विनय आणि उत्तर

मराठी घरांतून वाढलेल्या अनेक उमेदवारांपुढे येथे एक वेगळीच अडचण उभी राहते. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये, हा संस्कार लहानपणापासून झालेला असतो. त्यामुळे स्वतः केलेल्या कामाचे वर्णनही ‘आम्ही केले’, ‘सर्वांच्या सहकार्याने झाले’ असे होते. चारचौघांत ही वृत्ती शोभून दिसते. मुलाखतीत मात्र ‘आम्ही’ म्हटल्यावर उमेदवाराने नेमके काय केले, हे मंडळाला कळत नाही आणि जे कळत नाही त्याला गुण देता येत नाहीत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका तरुणीची आई महिला बचत गटाची सदस्य आहे. एका महिन्यात गटाच्या नोंदवहीतील जमा रक्कम पासबुकातील रकमेपेक्षा १,२०० रुपयांनी अधिक दिसली. हिशोब ठेवणाऱ्या सदस्येकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. मुलाखतीत ही तरुणी म्हणाली, “आमच्या गटात हिशोबाची अडचण आली होती, ती आम्ही सर्वांनी मिळून सोडवली,” तर उत्तर खरे असूनही पोकळ वाटेल.

तीच तरुणी असे सांगू शकते : “दोन बैठकांपासून बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या. हिशोब तपासण्याचे काम मी मागून घेतले. मी सहा महिन्यांच्या नोंदी तारखेनुसार पासबुकाशी ताडून पाहिल्या. दोन सदस्यांचे प्रत्येकी ६०० रुपयांचे हप्ते बैठकीच्या दिवशी एकदा आणि बँकेत भरल्याच्या दिवशी पुन्हा एकदा नोंदवले गेले होते. मी दोन्ही नोंदी बैठकीत सर्वांसमोर दाखवल्या. तेव्हापासून प्रत्येक नोंद बैठकीतच मोठ्याने वाचली जाते.” या उत्तरात बढाई कोठेही नाही. तरीही चिकाटी, आकड्यांची जाण, तणाव हाताळण्याची रीत आणि चूक पुन्हा होऊ नये म्हणून केलेली व्यवस्था, या चार गोष्टी मंडळाला दिसतात. सत्य नेमकेपणाने सांगितल्याने विनयाला बाध येत नाही.

उत्तराचे चार भाग

वरील उत्तराला एक क्रम आहे : परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम. इंग्रजीतील आद्याक्षरांवरून ही मांडणी ‘स्टार’ या नावाने ओळखली जाते. अनेक उमेदवार परिस्थितीच्या वर्णनातच वेळ दवडतात. परिस्थिती व जबाबदारी दोन-तीन वाक्यांत आटोपावी, सर्वाधिक वेळ स्वतःच्या कृतीला द्यावा आणि परिणाम शक्य तेथे आकड्यांत सांगावा. संपूर्ण उत्तर साधारण दोन मिनिटांत संपावे.

तयारीची सुरुवात जाहिरातीपासून करावी. संघभावना, ग्राहकसेवा, निर्णयक्षमता, सचोटी असे जे गुण त्या पदासाठी अपेक्षित असतात, त्यांची यादी करावी. त्यानंतर एका वहीत आपल्या आयुष्यातील आठ-दहा प्रसंग लिहून काढावेत आणि कोणता प्रसंग कोणत्या गुणाची साक्ष देतो, हे समोर नोंदवावे. नोकरीचा अनुभव नाही म्हणून खंत करण्याचे कारण नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च, घरच्या दुकानाची उधारी, आजारी वडिलांच्या मागे सांभाळलेली शेती, हे सारे अनुभवच आहेत. मुलाखत हिंदीतून वा इंग्रजीतून द्यावयाची असली, तरी प्रसंग प्रथम मराठीत लिहावेत. घटना ज्या भाषेत जगलो, त्याच भाषेत तिचे बारकावे आठवतात; भाषांतराचा सराव नंतर करता येतो.

पदोन्नतीसाठी मुलाखत देणाऱ्या कर्मचाऱ्यांनीही अशी वही ठेवणे हिताचे ठरते. नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या एखाद्या वृद्ध निवृत्तिवेतनधारकाच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटले नाहीत, अशा वेळी त्याला परत न पाठवता कोणता मार्ग काढला, हा प्रसंग ग्राहकसेवेविषयी बरेच काही सांगून जातो. मात्र ग्राहकाचे नाव, खाते किंवा शिल्लक यांचा उल्लेख कटाक्षाने टाळावा. गोपनीयतेचे भान हीसुद्धा बँक कर्मचाऱ्याची एक क्षमताच असते आणि उत्तर देतानाच तिची परीक्षा होत असते.

अपयशाचा प्रश्न आणि उपप्रश्न

‘आपल्या हातून झालेली एखादी चूक सांगा,’ हा प्रश्न बहुतेकांना सापळा वाटतो. ‘मी फार परिश्रम करतो, हाच माझा दोष,’ असे उत्तर देऊन सुटका करून घेण्याचा प्रयत्न केला जातो. अशी उत्तरे मंडळाच्या परिचयाची असतात. त्यापेक्षा खरी चूक, ती लक्षात आल्यावर कोणाला कळवली, कशी निस्तरली आणि त्यानंतर कामाच्या पद्धतीत कोणता बदल केला, हे सरळ सांगावे. जेथे दुसऱ्यांचा पैसा हाताळायचा असतो, तेथे कधीच चूक न केल्याचा दावा करणाऱ्यापेक्षा चूक वेळीच कबूल करणारा माणूस अधिक विश्वासाचा ठरतो.

उसना किंवा रचलेला प्रसंग सांगण्याचा मोह टाळणे तर अत्यावश्यक होय. ‘त्या वेळी आपल्यापुढे दुसरे कोणते पर्याय होते?’, ‘विरोध करणाऱ्यांचे म्हणणे काय होते?’, ‘आज तेच काम वेगळ्या रीतीने कराल काय?’ असे उपप्रश्न येऊ लागले, की पाठ केलेली कहाणी उघडी पडते. जे प्रत्यक्ष घडले आहे, त्याचे तपशील मात्र विचारू तितके सापडत जातात. म्हणून उत्तरे शब्दशः पाठ करू नयेत. केवळ मुद्दे लक्षात ठेवावेत. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीस समोर बसवून प्रसंग मोठ्याने सांगावा आणि तिला मनात येईल ते विचारू द्यावे. जेथे तिला समजत नाही, तेथे मंडळालाही समजणार नाही.

मॅक्‌लेलँड यांनी १९६०च्या दशकात आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथील लहान उद्योजकांना सिद्धिप्रेरणेचे प्रशिक्षण देण्याचा प्रयोग केला होता. असे गुण केवळ जन्मजात नसून ते जोपासता येतात, हा त्यामागील विश्वास होता. प्रसंगांची वही लिहू लागलेल्या उमेदवारास याचा प्रत्यय येतो. कोणत्या गुणासमोरची जागा भरलेली आहे आणि कोणती रिकामी, हे त्याला प्रथमच स्वच्छ दिसते. भरलेल्या जागा मुलाखतीच्या दिवशी उपयोगी पडतात. रिकाम्या जागा पुढील वर्षी कोणती जबाबदारी आपण होऊन अंगावर घ्यावी, हे सांगतात. निवड झाली नाही, तरी ही वही वाया जात नाही.