घरच्या घरीं सांच्यांतील गोळ्या व साखरेच्या गाठी

ऊंस पिकविणें व तो कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत पोंचविणें, येथवर येऊन आपल्या बहुतेक बागाईतदारांचा व्यवहार थांबतो. पुढें त्याच उंसाची साखर व त्या साखरेच्या गोळ्या आपल्याच गांवच्या दुकानांत विकावयास येतात, आणि आपलींच मुलें त्या विकत घेतात. नगर जिल्ह्यांतील प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्याची नोंदणी १९४८ सालीं झाली, व साखर करणें हें शेतकऱ्याच्या आवांक्याबाहेरचें काम नाहीं हें सिद्ध झालें. साखरेपुढची पायरी मात्र अद्याप आपण फारशी चढलों नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील रावळगांव येथें वालचंद हिराचंद यांनीं १९३३ सालीं साखरेचा कारखाना काढला व १९४२ पासून तेथें गोळ्याही होऊं लागल्या, हें उदाहरण ह्या दृष्टीनें मनन करण्यासारखें आहे. त्या गोळ्यांचीं नांवें व चिन्हें २०२४ सालीं दुसऱ्या मोठ्या उद्योगसमूहानें सत्तावीस कोटि रुपयांस विकत घेतलीं. लहानशा गोळीच्या नांवालाही केवढी किंमत असते, हें यावरून ध्यानांत येईल.

सदर लेखाचा हेतु कारखाना काढण्याचा नाहीं. घरांतील चुलीवर, घरांतील भांड्यांत, मुलांसाठीं शुद्ध गोळ्या व पाडव्यासाठीं गाठी कशा कराव्या, आणि त्यांतून जोडधंदा होण्यासारखा आहे कीं काय, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

पाकाचें मर्म

ज्यानें गुऱ्हाळ चालविलें आहे त्यास हें शास्त्र नव्यानें शिकावें लागत नाहीं. गुळव्या काहिलींतील रस थंड पाण्यांत टाकून गोळी पाहतो, तीच परीक्षा येथेंही आहे. पाक जसजसा उकळतो तसतसें त्यांतील पाणी उडून जातें व उष्णतामान चढतें. म्हणून उष्णतामान म्हणजे पाकांत पाणी किती उरलें याचें मापच होय. ११२ ते ११६ अंश सेंटिग्रेडवर पाण्यांत टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी वळते. यास आपण गोळीबंद पाक म्हणतों. १२० अंशांच्या सुमारास गोळी घट्ट होते. १३२ ते १४३ अंशांवर थेंबाची तार वांकते, पण लवकर तुटत नाहीं. १४६ ते १५४ अंशांवर ती कांचेसारखी कट्कन् मोडते व दांतांस चिकटत नाहीं. ह्या अवस्थेंत पाण्याचा अंश शेंकडा दोनतीनच राहतो. हाच कडक गोळीचा पाक. १६० अंशांपुढें साखर जळूं लागते, रंग तांबडा होतो व चव कडवट येते.

दुसरी गोष्ट अशी कीं, साखरेची स्वाभाविक प्रवृत्ति दाणा धरण्याकडे असते. गोळी पारदर्शक व्हावयाची तर हा दाणा धरूं द्यावयाचा नाहीं. गाठी पांढऱ्याशुभ्र व ठिसूळ व्हावयाच्या तर तो मुद्दाम धरावयास लावावयाचा. एवढा एक भेद ध्यानांत ठेविला म्हणजे दोन्ही कृतींतील प्रत्येक पायरीचें कारण आपोआप उलगडतें.

सामग्री

भांडें जाड बुडाचें, स्टीलचें व मोठें घ्यावें. एक किलो साखरेस चार-पांच लिटरचें भांडें हवें, कारण पाक फेंसाळून वर येतो. कल्हई नसलेलें पितळेचें अगर तांब्याचें भांडें आंबट पदार्थासाठीं वर्ज्य समजावें. २०० अंशांपर्यंत मोजणारा पाकाचा तापमापक असल्यास काम निर्धास्त होतें. तो प्रथम उकळत्या पाण्यांत धरून पाहावा. पुण्यासारख्या उंच ठिकाणीं पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळतें. तेव्हां तेथें पाकही ठरल्यापेक्षां दोन अंश कमीवर उतरावा.

गोळीचे सांचे धातूचे अगर सिलिकोनचे मिळतात. त्यांस काडी बसविण्यास खांचा असतात. चॉकलेटसाठीं विकले जाणारे पातळ प्लास्टिकचे सांचे ह्या उष्णतेनें वितळतात, म्हणून ते घेऊं नयेत. काड्या लांकडाच्या, बांबूच्या अगर कागदाच्या वापराव्या. गोळ्यांसाठीं प्लास्टिकच्या काड्या वापरण्यास १ जुलै २०२२ पासून आपल्या देशांत बंदी आहे. गाठींचे सांचे लांकडाचे असतात.

काडीच्या गोळीची कृति

साखर १ किलो, पाणी ३५० मिलिलिटर, लिक्विड ग्लूकोज ३०० ग्रॅम, सायट्रिक आम्ल ८ ते १० ग्रॅम, आणि आवडीप्रमाणें सुवास व रंग. लिक्विड ग्लूकोज हा मक्याच्या पिठूळ सत्त्वापासून केलेला घट्ट पाक असून तो साखरेस दाणा धरूं देत नाहीं. तो न मिळाल्यास आरंभींच दोन लहान चमचे लिंबाचा रस घालावा. त्यानें थोडी साखर फुटून तेंच कार्य साधतें. मात्र अशा गोळीस हवेंत लवकर पाणी सुटतें.

साखर व पाणी मंद आंचेवर ठेवून ढवळावें. साखर पूर्ण विरघळल्यावर ग्लूकोज घालावें व आंच वाढवावी. एकदां उकळी फुटली कीं ढवळणें अजिबात बंद करावें. भांड्याच्या कडेस साखरेचे कण चिकटलेले असतात. त्यांतील एकही पाकांत पडला तर सगळा पाक दाणा धरूं शकतो. यासाठीं दोनतीन मिनिटें झांकण ठेवावें म्हणजे वाफेनेंच कडा धुवून निघतात, अगर ओल्या कुंचल्यानें त्या पुसून घ्याव्या. दरम्यान सांच्यांस शेंगदाण्याचें अगर खोबऱ्याचें तेल बोटभर पुसून काड्या बसवून ठेवाव्या. पाक तयार झाल्यावर ह्या कामास सवड मिळत नाहीं.

तापमापकानें १४९ ते १५० अंश दाखविले कीं भांडें खालीं घ्यावें. बुडबुडे शमूं द्यावे, आणि मगच आम्ल, सुवास व रंग घालून हलक्या हातानें मिसळावें. आम्ल उकळत्या पाकांत कां घालूं नये? कारण तीव्र उष्णतेंत तें साखर फोडीत राहतें, व फुटलेली साखर हवेंतील ओल शोषून गोळी चिकट करते. नंतर पाक चोंचीच्या भांड्यानें सांच्यांत ओतावा व काडी एकदां फिरवून पाकानें वेढली गेल्याची खात्री करावी. पंधरावीस मिनिटांत गोळ्या निघतात. गार होतांच प्रत्येक गोळी कागदांत गुंडाळून घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावी.

सुवासासाठीं वेलदोडा, सुंठ, पुदिना, लिंबाच्या सालीचा अर्क हे उत्तम. कोंकम, आलें अगर संत्रें यांचा रस शेवटीं ओतण्याचा मोह मात्र टाळावा. त्यांतील पाण्यानें कडक पाक पुन्हां मऊ होतो व गोळी बसतच नाहीं.

पाडव्याच्या गाठी

गुढीला कडुनिंबाच्या डहाळीबरोबर जी साखरेची माळ आपण बांधतों, ती सांच्यांतील साखरकामाचा आपल्याकडील जुना व अस्सल नमुना होय. विदर्भांत होळीच्या सुमारास मुलांच्या गळ्यांत गाठी घालतात. शेजारच्या कर्नाटकांत संक्रांतीस लांकडी सांच्यांत साखरेचीं चित्रें ओततात व तिळाबरोबर वाटतात. कृतीचें तत्त्व एकच.

लांकडी सांचे कांहीं तास पाण्यांत भिजत घालून पुसून घ्यावे. ओल्या लांकडास पाक चिकटत नाहीं, म्हणून तेल लागत नाहीं. खांचेंतून स्वच्छ पांढरा सुती दोरा घालून ठेवावा. एक किलो साखर ३५० मिलिलिटर पाण्यांत विरघळवून उकळी आणावी व दोन मोठे चमचे दूध घालावें. दूध फाटून साखरेंतील मळी त्याबरोबर वर येते. ती झाऱ्यानें काढून पाक फडक्यांतून गाळावा. लिंबू घालावयाचेंच असल्यास थेंबादोनथेंबांवर जाऊं नये, कारण येथें आपणांस दाणा हवा आहे. ग्लूकोज तर मुळींच घालूं नये. पाक गोळी धरूं लागला कीं खालीं उतरून पळीनें भांड्याच्या कडेस घोटावा. तो दुधाळ होऊं लागला कीं क्षणाचाही विलंब न करतां सांच्यांत ओतावा. दहापंधरा मिनिटांत गाठी घट्ट होतात व सांचा उघडतां येतो.

दोष व त्यांचे उपाय

गोळी गढूळ होऊन आंत दाणा आला, तर उकळींत ढवळलें गेलें अगर ग्लूकोज कमी पडलें असें समजावें. गोळी दांतांस चिकटली, तर पाक १४६ अंशांच्या आंतच उतरला गेला. दोनचार दिवसांत पाणी सुटलें, तर आम्ल लवकर पडलें, अगर हवा दमट होती. कोंकणपट्टींत पावसाळ्यांत हें काम करूंच नये. देशावर दिवाळीपासून पाडव्यापर्यंतचे कोरडे महिने सर्वांत चांगले. गाठी सांच्यांत बसल्याच नाहींत, तर पाक कच्चा होता; तो परत आटवावा. भांड्यांतच थिजल्या, तर घोटणें अति झालें. थोडें पाणी घालून पुन्हां आरंभ करावा. दोन्ही प्रसंगीं साखर वायां जात नाहीं.

गुळाच्या गोळ्या करतां येतील काय, असें शेतकरी बंधू साहजिकच विचारतील. गुळांत फुटलेली साखर व क्षार मुळांतच असतात. त्यामुळें तो लवकर करपतो, गोळी तपकिरी होते व ओल लवकर धरते. गूळ चिक्कीस उत्तम. सांच्यांतील पारदर्शक गोळीस तो योग्य नव्हे.

रंगाविषयीं सावधगिरी

बाजारांतील सुट्या, भडक गोळ्यांबद्दलची चिंता निराधार नाहीं. ऱ्होडामिन-बी हा गुलाबी रंग कापड व कागद रंगविण्याचा असून खाण्यास निषिद्ध आहे. तरीही तो ‘म्हातारीच्या कापसांत’ सांपडल्यामुळें २०२४ सालीं तामिळनाडूंत त्याच्या विक्रीवर बंदी घालण्यांत आली, व कर्नाटकानेंही तसला रंगीत कापूस बंद केला. पिवळ्या रंगासाठीं वापरला जाणारा मेटॅनिल यलो हाही असाच निषिद्ध होय. खाण्यास परवानगी असलेले रंग घ्यावयाचे तर ते बंद पुडींतले, परवाना क्रमांक असलेले घ्यावे; त्यांचें प्रमाण एक किलो पदार्थांत १०० मिलिग्रॅमपेक्षां अधिक होऊं देऊं नये. घरच्यांसाठीं चिमूटभर हळद अगर केशर पुरे. बिटाचा लाल रंग ह्या उष्णतेंत टिकत नाहीं. आणि खरें पाहतां, बिनरंगी गोळी कमी गोड लागत नाहीं.

अपघात टाळावा

१५० अंशांचा पाक हा उकळत्या पाण्याहून फार भयंकर असतो, कारण तो कातडीस चिकटून राहतो. काम चालू असतां लहान मुलांस स्वयंपाकघरांत येऊं देऊं नये. शेजारीं थंड पाण्याची बादली भरून ठेवावी. भाजल्यास तो भाग वीस मिनिटें वाहत्या थंड पाण्याखालीं धरावा. तूप, शाई अगर दंतमंजन लावूं नये, व भाजणें मोठें असल्यास ताबडतोब दवाखाना गांठावा. चार वर्षांखालील मुलास कडक गोळी देऊं नये. ती घशांत अडकून जिवावर बेतते. मोठ्या मुलांसही गोळी खाल्ल्यावर चूळ भरण्याची संवय लावावी.

जोडधंदा म्हणून विचार

आतां हिशेबाकडे वळूं. वर दिलेल्या प्रमाणांत एक किलो साखर व ग्लूकोज मिळून सुमारें सव्वा किलो माल होतो. चिकटलेला व फुटलेला वजा जातां बाराशे ग्रॅम धरावा. बारा ग्रॅमची एक याप्रमाणें शंभर गोळ्या होतात. साखर, ग्लूकोज, काड्या, कागद, इंधन व दोन माणसांची दोन तासांची मजुरी यांची आपल्या गांवच्या दरानें बेरीज करून तिला शंभरानें भागावें, आणि आलेला आंकडा दुकानांतील गोळीच्या किंमतीशीं ताडून पाहावा. मजुरी घरची म्हणून ती सोडून देण्याची आपली संवय येथें घातक ठरते.

हा ताळा केल्यास साध्या गोळींत कारखान्याशीं स्पर्धा करणें कठीण आहे, हें बहुतेकांस दिसून येईल. घरीं गोळ्या केल्यानें आपल्या उंसाला अधिक भाव मिळेल, असेंही कोणी समजूं नये. साखर आपणांसही बाजारभावानेंच घ्यावी लागते. परंतु गाठींची गोष्ट निराळी आहे. त्यांस यंत्र लागत नाहीं, मागणी ठराविक दिवसांची पण निश्चित असते, माल नाजूक असल्यामुळें दूरच्यापेक्षां जवळच्या करणाऱ्यास फायदा असतो, आणि उरलेला माल फुटला तरी साखर म्हणून उपयोगी पडतो. गांवांतील चारपांच घरांनीं मिळून सांचे घेतले व महाशिवरात्रीपासून काम सुरू केलें, तर पाडव्यापर्यंत घरच्या स्त्रियांच्या हातास हंगामी उद्योग मिळूं शकतो. शिवाय सुंठ-लिंबाची अगर वेलदोड्याची, बिनरंगी व स्वच्छ बांधलेली गोळी यात्रेंत व शहरांतील ओळखीच्या गिऱ्हाइकांत थोड्या चढ्या दरानें खपण्यासारखी आहे.

विक्री करणारानें मात्र २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें आपली नोंदणी आधीं करून घ्यावी. लहान उत्पादकासही ती लागते. वेष्टनावर पदार्थाचें नांव, घटक, वजन, केल्याची तारीख, करणाराचें नांव व नोंदणीचा क्रमांक छापावा.

प्रथम पाव किलो साखर घेऊन एकदोन वेळां हात बसवावा, गोळ्या घरच्या मुलांस द्याव्या, आणि मगच सांच्यांवर पैसा खर्च करावा. येत्या पाडव्यास गुढीवरची माळ घरीं ओतलेली असेल, तर निदान तिच्यांत काय काय पडलें आहे हें घरधन्यास पक्कें ठाऊक असेल. आणि खाण्याच्या वस्तूबद्दल एवढी खात्री असणें हा लाभ लहान नव्हे.