निलगिरी, लवंग तेल थेट त्वचेवर लावताय? आधी थेंबांचं हे गणित समजून घ्या

सर्दीला निलगिरी, दाढदुखीला लवंग तेल हे आपल्याकडचे जुने उपाय. आता घरात टी ट्री, लॅव्हेंडर, पेपरमिंटच्याही छोट्या बाटल्या दिसतात. मात्र ही इसेन्शियल ऑइल्स खोबरेल तेलासारखी थेट अंगाला चोळायची नसतात.

थेट लावल्यास काय होतं?
हे वनस्पतींचे अतिशय तीव्र अर्क आहेत. त्वचेची आग होणं, लालसरपणा, फोड असा त्रास होऊ शकतो. एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा कायम राहते. मग तोच घटक असलेला साबण किंवा अत्तरही चालत नाही.

पाण्यात मिसळलं तर?
तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. आंघोळीच्या बादलीत टाकलेले थेंबही तसेच त्वचेला चिकटतात. त्यामुळे खोबरेल, तीळ किंवा बदाम तेलातच मिसळा.

प्रमाण किती?
१ मिलीमध्ये साधारण २० थेंब धरले जातात. त्यानुसार:
- चेहरा, नाजूक त्वचा: १ टक्क्यापर्यंत, म्हणजे ३० मिली तेलात ६ थेंब
- हात, पाय, पाठ: २ टक्के, म्हणजे ३० मिलीत १२ थेंब
- एका चमचाभर (५ मिली) तेलात १ ते २ थेंब पुरे
- लवंग तेल: अर्धा टक्का, म्हणजे ३० मिलीत ३ थेंबच

आधी चाचणी घ्या
मिसळलेलं तेल कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावा. २४ ते ४८ तास थांबा. खाज किंवा लाली आली तर वापरू नका.

हे विसरू नका
- तान्ह्या बाळाच्या नाकाला, छातीला निलगिरी, पेपरमिंट किंवा कापूर लावू नका. श्वासाला त्रास होऊ शकतो.
- लिंबाचं तेल लावून उन्हात जाऊ नका. त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते.
- बाटली घट्ट बंद करून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. जुन्या तेलाने ॲलर्जीचा धोका वाढतो.
- गरोदरपणात, दमा किंवा इसब असल्यास डॉक्टरांना विचारूनच वापरा.

आग होऊ लागली तर?
आधी साध्या तेलाने पुसा, मग साबण-पाण्याने धुवा. त्रास थांबला नाही तर डॉक्टरांकडे जा. मुलाने तेल प्यायल्यास उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा. निलगिरी आणि कापराचं तेल पोटात गेल्यास झटके येऊ शकतात.